कानामागं ठेवलेला एक गोचीड

मी सांगत होतो, तात्या. संक्रांतीपासून सांगत होतो. तुम्ही ऐकलं नाही. समोर असताना मी तोंड उघडलं की तुम्ही उपरणं झटकायचे, खांद्यावर टाकायचे आणि उठून गोठ्यात जायचे. आता तुम्हाला हार घालून फोटोत बसवलंय. आता उठून जाता येत नाही. आता ऐका.

मंडळी, सगळ्यांना शरणार्थ. मी मन्मथ, नागनाथ तात्यांचा पुतण्या. ज्याच्या पायाला भिंगरी आहे म्हणता, तोच. मी तुमच्यासमोर नाही. मी गुजरातमध्ये आहे, एका शेठच्या गोठ्यावर म्हशी धुतो. सुट्टी मिळाली नाही. अफसरभाईनं फोन माईकला धरलाय, त्यातून बोलायलोय. अशा वेळी काय बोलतात ते मला माहीत नाही. सहावी शिकलेला माणूस, म्हणून कागदावर लिहून घेतलंय. चुकलं तर सांभाळून घ्या. नाही घेतलं तरी चालेल.

तुम्ही सगळे चांगलं बोलला. मी फोन कानाला लावून ऐकत होतो. गुरुजी म्हणाले, गावाचा रुबाब गेला. चेअरमन म्हणाले, बैलाची पारख गेली. सरपंच म्हणाले, एका डासानं एवढा मोठा माणूस नेला, उद्याच्या उद्या धूर मारायची मशीन आणतो.

कशाला आणता? डासाची कशाला बदनामी करता?

तात्यांना डेंग्यू नव्हता. महालिंग दादाला ते माहीत आहे. दादा म्हणजे तात्यांचा मुलगा, तुमच्यासमोर पांढरी टोपी घालून बसलाय तो. सरपंचांनाही माहीत आहे. परवा दादाला दवाखान्यातून फोन आला. तात्यांचं रक्त पुण्याला तपासायला गेलं होतं, त्याचा निकाल आला. गोचिडाचा ताप. डॉक्टर त्याला काँगो ताप म्हणतात. आणि दादा आणि सरपंच दोघांनी मिळून ठरवलं, की डास म्हणायचं.

तिकडचा आवाज कमी झाला वाटतं. झाला ना?

पाहुणे मंडळी लांबून आलीत, त्यांच्यासाठी सांगतो. तात्या बैल विकायचे. ताडकळसच्या बाजारात बैल न्यायचा तर त्याच्या अंगावर गोचीड दिसता कामा नये. औषध मारलं तर वास राहतो. वास आला की गिऱ्हाईक नाक वर करतं. म्हणतं, जनावर बिमार होतं, म्हणून औषध मारलं. म्हणून आमच्या गावात औषध मारत नाहीत. बाजाराच्या आदल्या दिवशी हातानं काढतात. कानात, शेपटीखाली, मानेच्या वळीत. काढायचा आणि अंगठ्याच्या नखावर फोडायचा. टचकन आवाज होतो. लहानपणी मला तो आवाज लय आवडायचा.

माझा बाप गेला तेव्हा तात्यांनी मला घरी आणलं. खाऊ घातलं, कपडे केले. ते मी विसरलो नाही. सहावीतून नाव काढलं, ते पण विसरलो नाही. "शिकून काय मास्तर व्हनार हाईस का? चल, कान धर." मी बैलाचा कान धरायचो, तात्या गोचीड काढायचे. माझी पुढची शाळा तीच.

पण तात्या साधे नव्हते. तात्या सगळे गोचीड काढायचे आणि एक ठेवायचे. मुद्दाम. उजव्या कानाच्या मागं, चांगला टम्म फुगलेला. बाजारात गिऱ्हाईक आलं की त्याच्यादेखत कानामागं हात घालायचे. "आरं, ह्यो एक कसा काय ऱ्हायला?" असं म्हणून तो उपटायचे आणि गिऱ्हाइकाच्या नाकासमोर नखावर फोडायचे. लालभडक रक्त बोटावरून खाली यायचं. "बघा पाव्हणं, रगत बघा! असलं रगत तुमच्या दावणीला हाय का?" गिऱ्हाईक हसायचं. सौदा व्हायचा. तात्या बोट धोतराला पुसायचे आणि त्याच तळहातावर तंबाखू मळायचे.

हसू नका. तुमच्यातला कोण हा खेळ करत नाही? आज गावातल्या कुठल्याही दावणीला जा. विकायच्या बैलाच्या कानामागं हात घाला. एक ठेवलेला सापडेल. तात्यांची शिकवण म्हणतात ना मघापासून सगळे? ही तात्यांची शिकवण.

आता मॅडमचं सांगतो.

संक्रांत झाली होती, मी घरी आलो होतो. परभणीहून एक मॅडम आल्या. जनावरांच्या डॉक्टर. स्कूटीवर, पाठीला पिशवी, पिशवीत बारक्या काचेच्या बाटल्या. त्यांचं संशोधन चाललं होतं. पावसाळ्यात आपल्याकडं माणसं तापानं पडतात. मलेरिया निघत नाही, डेंग्यू निघत नाही. कुणी बरं होतं, कुणी जातं. त्यातले गोचिडाचे किती, ते कुणी बघितलेलंच नाही. त्या बघायला निघाल्या होत्या. त्यांना दोनच गोष्टी पाहिजे होत्या. जनावरावरचे गोचीड आणि गोठ्यात राबणाऱ्या माणसाचं थोडंसं रक्त.

तात्या बाजेवर बसले होते. भोवती तुम्हीच होता. तात्या म्हणाले, "बाई, गोचीड कशाला नेता? बैलच घेऊन जावा की. पैसे मात्र रोख."

तुम्ही हसला.

मॅडम म्हणाल्या, "तात्या, गोचीड चावायलाच पाहिजे असं नाही. तुम्ही नखावर फोडता ना? नखाजवळ बारीक चीर असली तरी पुरतं. बैलाला काहीच होत नाही, बैल ठणठणीत राहतो. माणूस जातो."

"आमची नखं लोखंडाची हायत."

"दाखवा बघू."

मॅडमनी खरंच हात पुढं केला. तात्यांच्या अंगठ्याच्या कडेला भेग होती, मी रोज बघायचो ती. तात्यांनी हात मागं घेतला. "हात बघून भविष्य सांगत फिरता व्हय तुमी?"

तुम्ही परत हसला. काकू, तुम्ही तर पदर तोंडात कोंबून हसला.

मॅडमनी बाटल्या दिल्या, चिमटा दिला, सगळ्यांना आपला नंबर दिला आणि म्हणाल्या, पुढच्या गावाला जाऊन संध्याकाळी येते. त्या गेल्यावर तात्यांनी बांधावरच्या एरंडाचा घड तोडून आणला. एरंडाच्या बिया आणि फुगलेला गोचीड, शेजारी ठेवले तर मलाही पटकन कळत नाहीत. तात्यांनी बाटली बियांनी भरली, वर चिठ्ठी चिकटवली आणि चिठ्ठीवर बैलाचं नाव लिहिलं, सोन्या. रक्त तर कुणीच दिलं नाही. संध्याकाळी मॅडम आल्या. बाटली उजेडाला धरली. सगळे श्वास धरून उभे होते, हसायच्या तयारीत. मॅडम चिडल्या नाहीत. बाटली पिशवीत ठेवली आणि म्हणाल्या, "बरं, येते." स्कूटी वळायच्या आत गाव खदाखदा हसलं. महिनाभर हसत होतं. लग्नात सांगायचे, बारशात सांगायचे. आज पण कुणीतरी सांगेल असं मला वाटलं होतं. मघाशी कुणी सांगितलं नाही. का बरं?

त्याच दिवशी मी तात्यांना म्हणालो, "द्या ना चार गोचीड. सोनं मागायल्यात का त्या?"

तात्या म्हणाले, "आन् त्यात काय निघालं तर? बाजारात आपल्या बैलाला कुत्रं इचारंल का? तू गुजरात्याच्या म्हशीचं शेण काढ. मला शानपन शिकवू नको."

दुसऱ्या दिवशी मी निघून आलो. त्यानंतर फोनवर आमचं बोलणं म्हणजे भांडणच. मी म्हणायचो, तात्या, हातमोजे घाला, इथं घालतात. ते म्हणायचे, तू नवरी झालास, हातात घालून फिर. इथं शेठ हातमोजे देतो हे खरं आहे. माझी काळजी म्हणून देत नाही. म्हशीच्या सडाला माझ्या हाताची घाण लागू नये म्हणून देतो. म्हशीच्या नशिबानं मी जगलोय.

आता पोळा तोंडावर आलाय. बाजार गरम आहे. तात्या बाजार करून आले आणि आठवड्याच्या आत पडले. डोकं फुटायलंय म्हणाले. कंबर धरली. डोळे लाल झाले. मग हिरड्यांतून रक्त. मग दंडावर निळे-काळे डाग, सुईची जागा पण वाहायची थांबेना. दवाखान्यात डॉक्टरांनी दादाला विचारलं, "गोचीड चावला होता का?" दादा म्हणाला, "न्हाई."

खरं बोलला दादा. चावला नव्हताच. फोडला होता. आयुष्यभर फोडले. विचारलं तेवढ्याचं उत्तर दिलं आणि बाकीचं पोटात ठेवलं, कारण पुढचा बाजार यायचा होता.

बघा पाव्हणं, रगत बघा. असं म्हणायचे ना तात्या? शेवटी तुमचं पण सगळ्यांनी बघितलं. उशीवर बघितलं, वाटीत बघितलं. ह्या वेळचं गिऱ्हाईक घासाघीस करणारं नव्हतं.

दादा, खाली बस. मला इथून दिसत नाही, पण तू उठला असशील. अजून माझं झालं नाही. हे सगळं तर होऊन गेलेलं आहे. मयत माणसाशी भांडायला मी शेठकडून दुपारभराची सूट मागून घेतलेली नाही. खरं काम पुढं आहे.

तात्यांचं ते रक्त कुणी पुसलं? दादानं नाही. जावयांनी नाही. संगीता वहिनीनं पुसलं, दादाच्या बायकोनं. उघड्या हातानं, पदरानं. उशीचे अभ्रे तिनंच धुतले. तिला कुणी सांगितलं नाही की हे रक्त लागलं तरी ताप येतो. सांगणारीच्या बाटलीत आपण एरंड भरला होता.

आज सकाळी आरोग्य खात्याची माणसं गावात आली. घरी येऊन विचारलं, कुणाला ताप आहे का? दादा म्हणाला, कुणालाच न्हाई. सूनबाई कुठं आहेत? माहेरी गेल्या, पिंगळीला. माणसं लिहून घेऊन गेली.

वहिनी पिंगळीला गेलेल्या नाहीत. वहिनी ह्या मांडवापासून हाकेच्या अंतरावर आहेत. घराच्या मागच्या खोलीत, जिथं सरकीची पोती ठेवता, तिथं. मला फोन तिथूनच आला. पुण्याचा निकाल, डास म्हणायचं ठरलं ते, सगळं मला त्यांच्याकडूनच कळलं. हळू बोलत होत्या, बाहेर ऐकू जाईल म्हणून.

"भावजी, आंग मोडून आलंय. डोळे लाल झालेत म्हनतेत. माझं काय बी कुनाला सांगू नका. तुमी त्या मॅडमला फकस्त येवढं इचारा, पोरीला पाजू का नको."

मंडळी, तिनं स्वतःचं काही विचारलं नाही. तिला स्वतःचं विचारायचं असतं हेच तुम्ही कधी शिकवलं नाही.

मी विचारलं. मॅडमचा नंबर माझ्याकडं होता. तुमच्या सगळ्यांकडं पण होता. आज कुणाकडं असेल त्यानं हात वर करावा. राहू द्या. मॅडम म्हणाल्या, पाजू नका, पोरीला लांब ठेवा आणि त्यांना आजच्या आज मोठ्या दवाखान्यात आणा. वेळेवर आलेली माणसं वाचतात. उशीर झाला तर मी काही सांगू शकत नाही. मग म्हणाल्या, "जिंतूरकडच्या गावांनी मला गोचीड दिले, रक्त पण दिलं. तिथं आता कुणाला ताप आला की तो स्वतःहून डॉक्टरला सांगतो, मी गोचीड फोडले म्हणून. तुमच्या गावाची ती बाटली अजून माझ्या टेबलावर आहे, मन्मथ. तुमच्या गावाचा तेवढाच नमुना माझ्याकडे आहे."

हे ऐकून मी शेठच्या म्हशीच्या अंगावर डोकं टेकून उभा राहिलो. म्हैस हलली नाही. तुमच्यापेक्षा बरी.

काय? कोण बोललं? "फोन बंद कर, अफसर." ऐकू येतंय मला. अफसरभाई, बंद करू नको.

"मैं नै करता. लडका बोल रा, बोलने दो उसकू."

शाबास, अफसरभाई. भाडं माईकचं दिलंय दादानं, पण माईक तुझा आहे.

दादा, तू काय म्हणतोयस ते पण ऐकू आलं. साधा ताप हाय, जागरणाचा. दादा, तात्यांचा पण साधाच होता. तुला भीती कशाची आहे ते मी सांगू का? ह्या बाजाराला जोडी न्यायची आहे. गावाला ताप आहे असं कळलं तर तुझीच काय, कुणाचीच जोडी जाणार नाही, डेअरीवाला दूध घेणार नाही, पाहुणे घरी पाणी पिणार नाहीत. म्हणून सगळं गाव तुझ्या बाजूनं. अरे, पण सोन्याला काय होणार आहे? मॅडमनी तेव्हाच सांगितलं होतं, बैल ठणठणीत राहतो. ज्याला काही होणार नाही त्याला तुम्ही वाचवायलात, आणि जी मरायलीय तिला सरकीच्या पोत्याआड ठेवलंय. पोळ्याला बैलाच्या शिंगाला रंग लावशील, पुरणपोळी चारशील. वहिनी असतील का ती करायला?

गणाराधनेनंतर नेतो म्हणतोस. म्हणजे तिच्या सासऱ्याचं जेवण सगळ्या गावानं जेवायचं, आंचवायचं आणि मग तिच्याकडं बघायचं. तोवर ती राहिली तर. आणि नाही राहिली तर परत हाच मांडव, परत अफसरभाईचा माईक, परत सरपंच म्हणणार डास. तेव्हा मला फोन लावू नका. मी येणार नाही आणि बोलणार पण नाही.

आता कोण? हळू बोलतंय कुणीतरी. अफसरभाई, फोन त्या बाजूला ने जरा.

काकू?

काकू बोलायल्यात. सगळ्यांनी ऐकलं का? मला ऐकू आलं, पण तुम्ही ऐकलं का? मी परत म्हणतो, म्हणजे उद्या कुणी नाही म्हणायला नको. तात्यांची बायको, माझी काकू, तात्यांच्या फोटोसमोर बसून म्हणाली, "हाय ती. मागच्या खोलीत हाय. कडी मीच लावली."

काकू, तुम्ही कडी लावली. आता तुम्हीच काढा. एरंडाला हसल्याचं मी तुम्हाला आयुष्यभर ऐकवणार होतो. कडी काढा, नाही ऐकवणार.

मंडळी, ऐका. दवाखान्याची गाडी आलेली आहे. मी इथून फोन केला, मॅडमनी तिथून सांगितलं. वेशीजवळ उभी आहे, अफसरभाईनं मघाशीच बघितली. तिला आत यायला रस्ता नाही, कारण रस्त्यावर तुम्ही बसलायत. तात्यांचं दुःख करायला तुम्ही रस्ताभर सतरंज्या घातल्यात, दोन्ही बाजूंनी बल्ल्या रोवल्यात, आणि त्या मांडवाच्या पलीकडं वहिनीची गाडी थांबलीय.

म्हणून माझी एकच विनंती आहे. शोकसभेत शेवटी उभं राहायची रीत आहे. उभे राहा. सगळे. फोटोसमोर हात जोडायचे ते जोडा, पण आधी सतरंज्या गोळा करा आणि दोन्ही कडांना सरका. मधून वाट सोडा. तात्यांच्या नावानं दोन मिनिटं गप राहायचं. तेवढ्या वेळात वहिनी त्या वाटेनं चालत गाडीपर्यंत जातील. पायात बळ आहे त्यांच्या अजून. कुणी धरायला जाऊ नका, माया करायला पण जाऊ नका. धरायला गाडीबरोबर माणसं आलीत, त्यांच्या हातात मोजे आहेत. पोरीला काकू सांभाळतील. कुणी कुजबुजायचं नाही. कुणी म्हणायचं नाही, आता बाजाराचं कसं. ज्यांनी ज्यांनी तात्यांना आंघोळ घातली, विभूती लावली, समाधीत बसवलं, त्यांनी गाडीतल्या माणसांना आपलं नाव सांगायचं आणि रोज ताप बघायचा. आणि दादा, तू गाडीत तिच्याबरोबर बस. दवाखान्यात डॉक्टर विचारतील तेव्हा ह्या वेळी विचारलं त्याच्यापेक्षा जास्त सांग.

उद्या मॅडम येणार आहेत. बाटल्या घेऊन. कानामागं ठेवलेला तो एक त्यांना द्या. नखानं नाही, चिमट्यानं.

तात्या, तुमचं माझं भांडण मिटलेलं नाही. मिटवायला तुम्ही थांबला नाही. तुम्ही वाढवलेल्या पोरानं तुमच्या शोकसभेत तुमची इज्जत काढली, गाव वर्षभर बोलेल. बोलू द्या. एरंडाचं बोललं, तसंच. तुम्ही असता तर चप्पल काढली असती. मी खाल्ली असती. शरणार्थ, तात्या.

आता उभे राहा. अफसरभाई, माईक बंद कर, फोन चालू ठेव. मला गाडीचा आवाज ऐकायचा आहे.

आणि दादा, शेवटचं. गणाराधनेच्या जेवणाला माझ्या वाट्याचे पैसे मागितले होतेस. शेठनं उचल दिलीय. ते जेवणाला येणार नाहीत. वहिनीच्या दवाखान्याला आणि पोरीच्या दुधाच्या पावडरीला पाठवायलोय. तुझ्या फोनवर नाही, अफसरभाईच्या फोनवर. सात हजार दोनशे.